प्लगला करंट नाही

ऑगस्ट उजाडला की डहाणू खाडीपासून झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "प्लगला करंट नाही." 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. या 61 दिवसांत जाळी दुरुस्त होतात, होडीला रंग लागतो, पण होडीमागचं आऊटबोर्ड मशीन मात्र कुठल्यातरी पडवीत ताडपत्रीखाली पडून राहतं. मे महिन्यात एका ओढीत चालू होणारं तेच मशीन ऑगस्टमध्ये दोरी ओढून खांदा भरून आला तरी दाद देत नाही. मिस्त्रीला निरोप जातो. मिस्त्री झाकण उघडतो, प्लग बघतो आणि सांगतो, "सीडीआय गेला, भाऊ. नवा टाकायला लागेल."

जुन्या आऊटबोर्डच्या बाबतीत मी आज जे काही ठामपणे सांगतो, ते या एका वाक्याभोवती आहे. सीडीआय, म्हणजे वीज साठवून सोडणारी काळी डबी, हा ठिणगीच्या साखळीतला सगळ्यात महाग भाग आणि सगळ्यात आधी त्याच्यावरच आळ येतो. खरं तर तो सगळ्यात शेवटी तपासायचा भाग आहे.

असं का होतं, याचं कारण आपल्या किनाऱ्यावरच सापडतं. आपले मिस्त्री तयार झाले ते डिझेल मशीनवर. डोलीच्या मोठ्या बोटींचं इंजिन डिझेलचं. तलासरी-डहाणूचे कितीतरी तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, त्यांचाही हात डिझेलवरच बसलेला. डिझेलला ठिणगी लागत नाही. तिथं हवा दाबून तापते आणि तेल पेट घेतं, त्यामुळे बिघाड शोधायचा तो पंपात, पाइपात, नोझलमध्ये. पेट्रोलच्या आऊटबोर्डमध्ये ठिणगीचा सगळा संसार वेगळा. दुसरे मिस्त्री मोटारसायकलवाले. त्यांना ठिणगी कळते, पण खारं पाणी काय करतं याचा अंदाज नसतो. दोघंही मनापासून काम करतात, आणि दोघांचाही हात शेवटी त्या काळ्या डबीकडे जातो.

माझं मशीन आठ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, सेकंडहँड घेतलेलं. दिवाळीच्या सुमारास ते मधूनच बंद पडायला लागलं. मिस्त्रीनं सीडीआय बदलला. खाडीच्या काठावर पिंपात पाणी भरून पाच-दहा मिनिटं चालवून दाखवलं, मशीन सुरेख चाललं, मी पैसे दिले. पुढचे काही दिवस जवळच्या जवळ जाणं-येणं होतं, तेवढ्यात काही जाणवलं नाही.

मग डिसेंबरात एका पहाटे पुतण्याला घेऊन निघालो. ओहोटी लागली होती, पाण्याबरोबर खाडीच्या मुखातून बाहेर पडलो. डहाणूची खाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, उधाणाच्या दिवसांत इथं पाणी कसं खेचतं. त्यात थंडीतला पहाटेचा मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. पाणीही बाहेर, वाराही बाहेर. मुख मागे पडून बराच वेळ झाला होता आणि मशीन एकदम थांबलं. खोकलं नाही, घुरघुरलं नाही, कोणी बटण दाबावं तसं थांबलं.

"काका, पेट्रोल संपलं?"

"आधी नांगर टाक. पेट्रोल मग बघू."

हे मी आज पहिला नियम म्हणून सांगतो. आपल्याकडे होडी बंद पडली की माणूस आधी दोरीला झटतो, आणि तो झटत असतो तेव्हा होडी पश्चिमेकडे चाललेली असते. किनाऱ्यावरची सुरूची रांग बारीक दिसायला लागते तेव्हा ध्यानात येतं, आणि तोवर नांगराच्या दोराला तळ लागत नाही. पाच वाव पाणी असेल तर निदान पंचवीस वाव दोर हवा. होडी नांगरावर उभी राहिली की डोकं शांत राहतं, आणि ठिणगीचा बिघाड शोधायला तेच लागतं.

नांगर धरला. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहिला, घट्ट होता, म्हणजे पेट्रोल पुढे पोचत होतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. प्लग काढून मशीनच्या अंगाला टेकवला, पुतण्यानं दोरी ओढली, ठिणगी नाही. दुसराही तसाच. थोडा वेळ नुसते बसून राहिलो, चहा प्यायलो, पुन्हा ओढलं तर ठिणगी आली आणि मशीन चालू झालं. खाडीकडे तोंड केलं. तापलं, पुन्हा बंद. पुन्हा नांगर. असं करत भरती लागेपर्यंत मुखाजवळ आलो आणि शेवटचा टप्पा गाववाल्याच्या होडीनं दोर टाकून ओढून नेलं.

थंड असताना ठिणगी, तापल्यावर गायब. या एका लक्षणात निदानाची दिशा होती. पिंपातल्या पाच-दहा मिनिटांत मशीन पुरतं तापतच नाही, म्हणून तिथं ते दिसलं नव्हतं.

आता या मशीनमध्ये ठिणगी तयार कशी होते ते थोडक्यात. दोरी ओढली की वरचं जड चाक फिरतं. त्या चाकाच्या आत लोहचुंबक बसवलेले असतात. चाकाखाली तांब्याच्या तारेच्या कॉइल असतात. चुंबक त्यांच्यावरून गेला की वीज तयार होते. एक कॉइल सीडीआयला वीज पुरवते, ती वीज सीडीआय क्षणभर साठवतो. दुसरी लहान कॉइल, पल्सर, त्याला "आता सोड" असा इशारा देते. साठवलेली वीज हाय टेन्शन कॉइलमध्ये जाते, तिथं हजारो व्होल्टची होते आणि प्लगवर उडी मारते. यात बॅटरी कुठंच नाही. त्याहून जुन्या मशीनमध्ये सीडीआयच्या जागी पॉइंट आणि कंडेन्सर असतात, बाकी तत्त्व तेच. या साखळीतली कुठलीही कडी तुटली की बाहेर दिसणारं चित्र सारखंच : प्लगला करंट नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्याला पैसे पडत नाहीत ते आधी, ज्याला पडतात ते शेवटी.

सगळ्यात आधी लाल किल स्विच. त्याची क्लिप जागेवर आहे का? क्लिप निघाली तर मशीन चालू होत नाही, हे तिचं कामच आहे. बऱ्याच सेकंडहँड मशीनवर ही क्लिप हरवलेली असते आणि तिच्या जागी तार गुंडाळून ठेवलेली असते. ती तार पाहिली की मला राग येतो. माणूस पाण्यात पडला आणि मशीन चालू राहिलं तर मोकळी होडी गोल फिरून त्याच माणसावर येते, आणि खाली पंखा फिरत असतो. क्लिपची किंमत कितीशी? ती घ्या आणि दोरी मनगटाला बांधा.

मग प्लग. काढून नीट पाहा. काळाकुट्ट आणि तेलकट असेल तर तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर आधी पेट्रोलची वाट तपासा. पाण्याचे थेंब किंवा मिठाची पांढरी कड दिसली तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलंय, तो वेगळा आणि गंभीर आजार. प्लगचा नंबर मशीनच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच घ्या. मोटारसायकलचा प्लग "बसतो" म्हणून लावू नका, उष्णता सोसण्याची त्याची ताकद वेगळी असू शकते.

ठिणगी बघण्याची पद्धत जपून वापरावी लागते. आधी पेट्रोलची नळी काढून बाजूला ठेवा. प्लग कॅपमध्ये बसवून त्याचं लोखंडी अंग मशीनच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा, आणि प्लग निघालेल्या भोकापासून लांब ठेवा, कारण दोरी ओढताना त्या भोकातून पेट्रोलचा फवारा येतो. दोन्ही प्लग टेकवलेले हवेत. एखादी वायर हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढली तर वीज बाहेर जायला वाट शोधते आणि चांगली कॉइल किंवा चांगला सीडीआय त्यातच जळू शकतो. प्लग हातानं धरू नका. तो झटका होडीत उभ्या माणसाचा तोल घालवायला पुरेसा असतो, आणि ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्यानं तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

ठिणगी निळी आणि कडकड आवाजाची हवी. पिवळसर, नारिंगी, बारीक ठिणगी बाहेर दिसते, पण सिलिंडरच्या आत दाब असतो तिथं ती उडी मारू शकत नाही. "करंट तर आहे, मग मशीन का चालत नाही?" असं विचारणाऱ्या अनेकांचं उत्तर हेच असतं.

आता विचार असा करा. ठिणगी एकाच सिलिंडरला नसेल तर दोघांच्या सामाईक भागांवर संशय घ्यायचं कारण नाही. त्या बाजूचा प्लग, कॅप, वायर, कॉइल एवढंच पाहा. प्लग आणि कॅप इकडचे तिकडे करा, दोष त्यांच्याबरोबर सरकला की चोर सापडला. ठिणगी दोन्हीला नसेल तर मग सामाईक भाग : स्विचची वायर, अर्थिंग, चाकाखालची कॉइल, सीडीआय. काही मशीनमध्ये एकाच हाय टेन्शन कॉइलमधून दोन्ही वायरी निघतात, तिथं तीही सामाईकच धरा.

दोन्हीला ठिणगी नसेल तेव्हा स्विचच्या वायरपासून सुरुवात करा. बहुतेक जपानी आऊटबोर्डमध्ये बंद करायचं बटण सीडीआयची वीज थेट बॉडीला जोडतं, म्हणून मशीन थांबतं. बटणाच्या आत खारट ओल शिरली किंवा वायरचं आवरण घासलं गेलं, तर बटण न दाबताही वीज कायम बॉडीत जाते आणि ठिणगी मरते. सीडीआयकडून बटणाकडे जाणारी ती वायर जोडावर सोडवा आणि ठिणगी पाहा. ठिणगी आली तर सीडीआय शाबूत आहे, बटण किंवा वायर बदला. मात्र ही वायर सोडवून मशीन चालू केलं तर बटणानं ते बंद होणार नाही, चोक ओढून किंवा पेट्रोल तोडून थांबवावं लागेल. ही चाचणी काठावरचीच. अशा अवस्थेत कोणी समुद्रात जाऊ नये.

त्यानंतर अर्थिंग. आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू हाच आहे असं माझं मत आहे. कॉइल आणि सीडीआय ज्या बोल्टनं मशीनला बसवलेले असतात, त्या बोल्टखाली पांढरी भुकटी साचते. ॲल्युमिनियमला खारं लागलं की ती येतेच. वरून बोल्ट घट्ट दिसतो, खाली वीज अडलेली असते. बोल्ट काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. पावसाळ्यानंतर रुसलेली मशीनं एवढ्यावर बोलायला लागलेली मी पाहिली आहेत.

प्लग कॅप वायरवरून फिरवून काढा. आतली तार हिरवी पडली असेल तर तांबडं तांबं दिसेपर्यंत थोडी कापा आणि कॅप पुन्हा फिरवून बसवा. मग रात्री, पूर्ण अंधारात, पिंपाच्या पाण्यात मशीन चालू करून झाकण काढून लांबून पाहा. वायरीवर कुठं निळी ठिणगी नाचताना दिसली तर तिथं आवरण फाटलंय. दिवसा हे कधीच दिसत नाही. फिरत्या चाकाजवळ सैल बाही, गळ्यातला रुमाल नको.

यानंतर मीटर. साधं मल्टीमीटर डहाणूच्या बाजारात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. चाकाखालच्या कॉइलच्या वायरी बाहेर जोडापर्यंत आलेल्या असतात, त्यामुळे चाक न काढता मोजता येतं. आकडा किती हवा ते तुमच्या मशीनच्या पुस्तकात पाहा, दुसऱ्याच्या मशीनचा आकडा चालत नाही. आणि इथं माझ्या अनुभवाचा गाभा आहे : मोजायचं दोनदा. एकदा थंड असताना, आणि एकदा मशीन बंद पडल्याच्या क्षणी, तापलेलं असतानाच.

मी नेमकं तेच केलं. पिंपात पाणी भरून, अधूनमधून ते बदलत, मशीन ते बंद पडेपर्यंत चालवत ठेवलं. बंद पडताच जोड सोडवला आणि मीटर लावलं. सकाळी जिचा आकडा पुस्तकाप्रमाणे आला होता, त्या कॉइलचा आता आकडाच येईना. तार आतून कुठंतरी तुटलेली होती. थंड असताना टोकं एकमेकांना टेकत, तापून पसरली की सुटत. नव्या सीडीआयला वीजच मिळत नव्हती, तो बिचारा काय करणार? कॉइल मुंबईहून मागवली, बसवली, आणि मशीन सुधारलं. जुना सीडीआय आजही डब्यात आहे आणि चांगला आहे, लावून पाहिला.

कॉइल बसवायला चाक काढावं लागतं. त्यासाठी पुलर वापरा. आपल्याकडे चाकाच्या कडेवर हातोडा मारायची पद्धत आहे. त्यानं आतले चुंबक निखळतात, बेअरिंगला मार बसतो. चाकाखाली अर्धचंद्राच्या आकाराची बारीक चावी असते, ती नीट पाहा. ती कापली गेली असेल तर चाक किंचित सरकतं, ठिणगी चुकीच्या वेळी पडते, आणि सगळं ठीक दिसूनही मशीन उलटा झटका देतं किंवा चालतच नाही. नट पुस्तकात दिलेल्या जोरानंच आवळा. पॉइंटवालं मशीन असेल तर चाक निघालेलं असतानाच पॉइंट साफ करून फिलर गेजनं फट लावून घ्या. बऱ्याच जपानी मशीनवर ती 0.35 मि.मी.च्या आसपास असते, तरी आपलं पुस्तक प्रमाण.

एवढं सगळं झाल्यावरही ठिणगी नसेल तर सीडीआय. तोही विकत घेण्याआधी त्याच नंबरचा एखादा चालू मशीनवरचा सीडीआय शेजाऱ्याकडून तासाभरासाठी मागून लावून पाहा. डहाणू खाडी, धाकटी डहाणू, झाई इथं एकमेकांना जाळी देणारी माणसं आहेत, सीडीआयही देतील.

कॉइल तापून का तुटली, याचाही विचार झाला पाहिजे. आमच्या खाडीत ओहोटीला गाळाच्या वरून होडी काढावी लागते. गाळ पाणी ओढायच्या जाळीत जातो, थंड करणारं पाणी कमी होतं, मशीन जास्त तापतं. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की लगेच थांबून जाळी साफ करा. धार बंद असताना चालवलेलं प्रत्येक मिनिट कॉइलच्या आयुष्यातून जातं.

ठिणगी आणि पेट्रोल यांच्या खुणा नेहमी वेगळ्या ठेवा. एकदम बंद पडलं तर ठिणगी. अडखळत, दम लागल्यासारखं बंद पडलं तर पेट्रोल. हवेचा स्क्रू बंद राहिला तर टाकीत पोकळी होते आणि मशीन थोडा वेळ चालून मरतं, थांबून मग पुन्हा चालतं, म्हणजे अगदी तापलेल्या कॉइलसारखंच फसवतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवा. खाली वेगळा थर बसला तर ते फेका, ठिणगीच्या मागे लागू नका. दोन महिने पडून राहिलेलं पेट्रोल तर ऑगस्टमध्ये वापरूच नये.

मे अखेरीस मशीन ठेवताना थोडा वेळ दिला तर यातलं बरंच टळतं. गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून मीठ धुवा, पण पाण्याशिवाय क्षणभरही चालवू नका, आतला रबरी पंखा जळतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं टू-टी ऑइल सोडा, दोरी हळू ओढून ते पसरवा आणि प्लग लावा. सगळे जोड उघडून सुकवा, सिलिकॉन ग्रीस लावून बंद करा. मशीन उभं ठेवा, घरात ठेवा. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलं तर आत दव धरतं आणि वायरी हिरव्या पडतात, त्यापेक्षा सुती चादर बरी. उंदरांकडे लक्ष ठेवा, त्यांना वायरीचं आवरण आवडतं. आणि पावसाळाभर अधूनमधून दोरी हळूच ओढून चाक फिरवत राहा.

होडीत एक घट्ट झाकणाचा डबा असू द्या : दोन नवे प्लग, प्लगचा पाना, जास्तीची क्लिप, पॉलिश पेपर, कोरडं फडकं, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक 1554, सागरी पोलिसांचा 1093, दोन्ही झाकणाच्या आत रंगानं लिहून ठेवा. आणि लाइफ जॅकेट. 13 जानेवारी 2018 रोजी डहाणूच्या किनाऱ्यासमोर विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. कारण वेगळं होतं, पण समुद्र तोच आहे. आपण पोहणारी माणसं, आपल्याला जॅकेट कशाला, असं म्हणणाऱ्या तरुणांना मी होडीत घेत नाही.

शेवटी, कोणी जुनं मशीन घ्यायला निघाला असेल तर त्याला एवढंच सांगणं. विकणारा मशीन आधीच गरम करून ठेवतो, म्हणून सांगून जाऊ नका, आणि हात लावून ते थंड आहे याची खात्री करा. थंड असतानाच चालू करायला लावा. मग पिंपात अर्धा तास चालू ठेवा, पाण्याची धार बघत. बंद करा आणि लगेच, गरम असतानाच, पुन्हा दोरी ओढा. झाकण उघडून स्विचची वायर कोणी कापून ठेवलेली नाही ना ते पाहा, चाकाच्या कडेवर हातोड्याच्या खुणा शोधा, प्लग दोन्ही सारखे आहेत का ते बघा. पुस्तक मागा. अर्धा तास चालवायला विकणारा तयार नसेल, तर भाव कितीही उतरवला तरी ते मशीन तिथंच ठेवून या.